‘कर्ब काढणे’ : एका परिभाषेची चिकित्सा

‘वेड पांघरून पेडगावास जाणे’ हा वाक्प्रचार समजून-उमजून अज्ञान दाखविण्याच्या अर्थी मराठीत रूढ आहे. त्यातील पेडगाव भीमाकाठचे मानले जाते; परभणी जिल्ह्यातील पेडगाव ते नव्हे. तथापि हवामानबदलाच्या मराठी परिभाषेची परीक्षा करावयाची, तर हे दुसरे पेडगावच उपयोगी पडते. काळ्या मातीच्या या मुलखात ‘कर्ब’ हा शब्द केवळ पुस्तकी राहिलेला नाही. माती परीक्षणाच्या पत्रिकेवर ‘सेंद्रिय कर्ब’ अशी नोंद असते आणि तो वाढविला पाहिजे, असे शेतकऱ्यास सांगितले जाते. त्याच्यापुढे ‘कर्ब काढण्याचे तंत्र’ ही शब्दयोजना ठेवली, तर हिताची गोष्ट अहिताची वाटेल.

परंतु दोष येथेच संपत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील चार तरुण संशोधकांच्या गटास एक्सप्राइझच्या कार्बन रिमूव्हल स्पर्धेत अडीच लाख डॉलरचे विद्यार्थी-पारितोषिक मिळाले. अर्णब दत्ता व विक्रम विशाल हे प्राध्यापक त्यांच्या पाठीशी होते. उत्सर्जनाच्या उगमापाशीच वायू धरून त्याचे उपयुक्त क्षारांत रूपांतर करणे, ही त्यांची योजना. एप्रिल २०२५ मध्ये याच स्पर्धेचे पाच कोटी डॉलरचे मुख्य पारितोषिक ‘माती कार्बन’ या संस्थेने मिळविले. ही संस्था भारतातील लहान शेतकऱ्यांच्या शेतांत बेसाल्टची भुकटी पसरते. पावसाच्या पाण्यात विरघळलेला कर्बवायू या खडकाशी प्रक्रिया होऊन बायकार्बोनेट बनतो, व पाण्याबरोबर वाहत अखेरीस समुद्रात पोचून दीर्घकाळ तेथे राहतो.

या दोन कृती भिन्न आहेत. कोळशाच्या धुरातील वायू धरल्याने हवेत पडू पाहणारी भर थांबते. खडकाच्या भुकटीने हवेत आधीच असलेला साठा घटतो. इंग्रजीत ‘कॅप्चर’ व ‘रिमूव्हल’ असे दोन शब्द आहेत. मराठीत दोहोंस एकच शब्द योजला, तर आपलाच धूर अडविणाऱ्या कारखान्यास हवा शुद्ध केल्याचे श्रेय फुकट मिळेल. भेद ठाऊक असूनही तो शब्दांत न आणणे, हे वेड पांघरणेच होय.

‘कर्बनिर्मूलन’ हा शब्द अग्राह्य आहे, कारण कर्ब नष्ट होत नाही, केवळ स्थलांतर करतो. ‘कर्बनिष्कासन’ त्याहून घातक. निष्कासन म्हणजे बाहेर घालविणे, आणि ते तर धुराडेही करते. उगमापाशी वायू धरण्यास ‘कर्बग्रहण’ पुरेसे आहे. दुसऱ्या कृतीसाठी शेतीच्या भाषेतील ‘मुरविणे’ हे क्रियापद विचारात घ्यावे. पाणी मुरविणे ही कल्पना मराठवाड्यास शिकवावी लागत नाही. ‘हवेतील कर्ब मुरविणे’ म्हटल्याने कोठून घ्यावयाचे हे कळते, आणि जमिनीतील कर्बाशी विरोधही उरत नाही. बायकार्बोनेट वाहून जाते, म्हणून हा शब्द भुकटीच्या तंत्रास तंतोतंत लागू पडत नाही, हा आक्षेप रास्त आहे. तरीही दिशा चुकविणाऱ्या शब्दापेक्षा थोडा अपुरा शब्द बरा.

तरुण संशोधकांचे यश मराठीत मांडताना गौरवपर विशेषणे उणी पडत नाहीत. उणी पडतात ती नेमकी क्रियापदे. ज्याच्या शेतात ही भुकटी पडावयाची, त्यास होकार वा नकार देण्यापूर्वी ती काय करते हे त्याच्या भाषेत कळणे, हा त्याचा अधिकार आहे.