आभासी प्रयोगशाळा आणि दूरची प्रयोगशाळा

२००९ साली केंद्र सरकारने सुरू केलेल्या शिक्षणविषयक राष्ट्रीय मोहिमेतून ‘व्हर्च्युअल लॅब्ज’ उभ्या राहिल्या. लाखनीच्या विद्यार्थ्याला घरबसल्या प्रयोगशाळा मिळते, असे आपण कौतुकाने म्हणतो. पण हिला प्रयोगशाळा म्हणावे काय?

तिच्यातील बहुतेक ‘प्रयोग’ म्हणजे सूत्रावर हलणारी चित्रे आहेत. रोध वाढवला की अ‍ॅमीटरचा काटा सूत्राने ठरवून दिलेल्या जागी जातो. शंभर वेळा करा, शंभरही वेळा तिथेच. सैल जोडणी नाही, तापलेली तार नाही. मग त्रुटींचा विचार विद्यार्थ्याने करायचा कशावर? ओहमचा नियम असा ‘सिद्ध’ करणे म्हणजे उत्तर पाहून गणित सोडवणे होय.

मुंबईच्या आयआयटीत प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या गटाने निराळी वाट धरली. त्यांच्या ‘सिंगल बोर्ड हीटर सिस्टीम’मध्ये पोलादी पट्टी, ती तापवणारे वेटोळे, थंड करणारा पंखा आणि तापमान मोजणारा संवेदक असतो. विद्यार्थी दुरून आज्ञा देतो, पण पट्टी खरोखर तापते. पवईतील ती खोली उकडत असेल तर आकड्यांत ते उमटते. हा प्रयोग आहे.

यामागचे तंत्र जुनेच. मापनयंत्रे संगणकाला जोडण्याची आय-ट्रिपल-ई ४८८ ही पद्धत १९७५ साली प्रमाणित झाली. तिची तार एकूण २० मीटरपर्यंतच नेता येई. १९९० साली ‘स्किपी’ ही आज्ञांची सामाईक भाषा आली. आज अनेक मल्टिमीटर संगणकजालालाच जोडता येतात. ‘व्होल्टता किती?’ असा प्रश्न ठराविक शब्दांत पाठवला, की यंत्र मोजून आकडा परत धाडते.

मात्र पवई-लाखनी अंतरावर आज्ञा पोचून आकडा परतण्यास कधी कमी, कधी जास्त वेळ लागतो. तापमान स्थिर राखण्याच्या प्रयोगात हा उशीर विद्यार्थ्याच्या गणितात शिरतो. त्यापेक्षा महाविद्यालयातच एक चांगला मल्टिमीटर स्थानिक जालावर ठेवावा. संगणककक्षातील प्रत्येकाला पाळीपाळीने खरे वाचन घेता येईल. परिपथ मात्र मुलांनी हातानेच जोडावा; उलट जोडलेला डायोड शोधण्यात गेलेला अर्धा तास वाया गेला असे समजू नये. आणि प्रयोगवहीत प्रत्येक वाचनापुढे ते यंत्राचे की चित्राचे, हे लिहून घ्यावे.