‘ध’चा ‘मा’ आणि सुरतेचा तह

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘भाऊबंदकी’ हे नाटक महाराष्ट्र नाटक मंडळीने १९०९ साली रंगभूमीवर आणले, त्यास शंभरांहून अधिक वर्षे लोटली. या अवधीत पेशवाईचे कागद पेट्यांतून बाहेर निघाले, दप्तरे छापली गेली, रियासती लिहून झाल्या. पण राघोबादादा म्हणताच सुशिक्षित मराठी कुटुंबातील माणसाच्या डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहते ते इतिहासकाराने काढलेले नसून बव्हंशी नाटककाराने काढलेले असते. एक दुबळा, रागीट, बायकोच्या मुठीत गेलेला पुरुष. त्याच्या मागे उभी असलेली महत्त्वाकांक्षी आनंदीबाई. गारद्यांस लिहिलेल्या चिठ्ठीत ‘धरावे’चे ‘मारावे’ झालेले एक अक्षर. आणि शेवटी देहान्त प्रायश्चित्ताचा निवाडा सांगणारे रामशास्त्री. हे चित्र इतके पक्के बसले आहे की ‘ध’चा ‘मा’ करणे हा आपल्या भाषेतला वाक्प्रचारच होऊन बसला. या चित्राच्या गुणांविषयी आम्हांस काही म्हणावयाचे आहे, आणि त्यात जे आले नाही त्याविषयी अधिक.

नाटक म्हणून ‘भाऊबंदकी’ची योग्यता मोठी आहे, हे प्रथमच कबूल केले पाहिजे. आनंदीबाईवर मॅक्बेथच्या पत्नीची छाया पडली आहे हे टीकाकारांनी पूर्वीच दाखविले आहे, आणि ती छाया नाकारण्याचे कारण नाही. पण शेक्सपिअरपासून सांगाडा घेऊन त्यात शनिवारवाड्यातले रक्त भरणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. रामशास्त्र्यांचा प्रसंग तर असा साधला आहे की सत्तेपुढे न्यायासनाने कसे बोलावे याचा नमुना म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तो सांगितला गेला. खाडिलकरांचे गद्य क्वचित फार फुगते, एकाच कल्पनेला चार चार उपमांचा साज चढतो. परंतु निवाड्याच्या वेळी तेच गद्य ताठ उभे राहते. असो.

आमचा आक्षेप निराळा आहे, आणि तो एकट्या खाडिलकरांवर नाही. राघोबादादांचे दोन अपराध इतिहासात नमूद आहेत. एक पुतण्याच्या वधाचा, ३० ऑगस्ट १७७३ चा. दुसरा, हातून गेलेले पेशवेपद परत मिळविण्यासाठी परक्या सत्तेला घरात बोलावल्याचा, ६ मार्च १७७५ चा. पहिल्यासंबंधी ज्या कागदाची आपण इतकी चर्चा करतो तो मूळ कागद आज कोणापाशी नाही. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या इतिहासात ही हकीकत दिली आहे, आणि अक्षर आनंदीबाईने बदलले ही गोष्ट त्यानेही लोकांची सर्वसाधारण समजूत म्हणूनच सांगितली आहे. दुसऱ्यासंबंधीचा कागद मात्र कलमवार उपलब्ध आहे. तो कोणीही वाचावा. मराठी नाटकाने व कादंबरीने पहिल्या, न सापडणाऱ्या कागदावर आपली सारी प्रतिभा खर्चिली. दुसऱ्याकडे ढुंकून पाहिले नाही म्हटले तरी चालेल.

त्या दुसऱ्या कागदात काय आहे? मुंबईकर इंग्रजांनी राघोबास अडीच हजार फौज द्यावी. त्या फौजेच्या खर्चापोटी राघोबाने दरमहा दीड लाख रुपये द्यावे. तारण म्हणून सहा लाखांचे जवाहीर इंग्रजांच्या हवाली करावे. साष्टी व वसई कायमची तोडून द्यावी, भडोच व सुरतेच्या उत्पन्नाचा हिस्सा द्यावा. ज्या वसईसाठी चिमाजी अप्पांच्या सैन्याने १७३९ साली प्राणांची बाजी लावली, ती त्यांच्या सख्ख्या पुतण्याने एका सहीने देऊ केली. यात आणखी एक मौज आहे. साष्टीतील ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी १७७४ च्या अखेरीस, म्हणजे तहाच्या आधीच, हस्तगत केला होता. चोराने उचललेला माल मालकाच्या भावाने त्यालाच विकत द्यावा, तसा हा व्यवहार! आणि नाट्यकलेच्या दृष्टीने पाहता, राघोबाजवळ त्या वेळी देण्यासारखे स्वतःचे असे काय होते? बारभाईंनी त्याला पदच्युत केले होते. सवाई माधवराव १८ एप्रिल १७७४ ला जन्मले होते आणि लगेच पेशवेही झाले होते. हरिपंत फडक्यांच्या फौजा गुजरातेपर्यंत पाठीस लागल्या होत्या. जे पद आपले राहिले नाही त्या पदाच्या नावाने हा मनुष्य दौलतीचा मुलूख लिहून देत होता. असा प्रसंग कोणत्याही मोठ्या नाटककाराच्या तोंडाला पाणी सुटावे असा आहे.

आता आनंदीबाईकडे पाहा. पेशव्यांच्या घरातील साऱ्या पापांचे खापर या बाईच्या डोक्यावर फोडण्याची आपल्या साहित्याला जणू सवयच लागली. पण सुरतेस सही होत असता ती कोठे होती? ती धारच्या किल्ल्यात होती. राघोबा तिला तेथे ठेवून गुजरातेत उतरला होता, आणि जानेवारी १७७५ मध्ये तिथेच तिला मुलगा झाला, तोच पुढचा दुसरा बाजीराव. अवघ्या दोन महिन्यांच्या बाळंतिणीने माळव्यातून सुरतेच्या तहाची कलमे लिहविली असे म्हणण्याचे धाडस बखरकारालाही झाले नसते. राघोबाचा हा अपराध त्याचा स्वतःचा आहे, पूर्ण शुद्धीवर केलेला आहे. ‘बायकोने नासवला’ ही सबब येथे चालत नाही, आणि आम्हांस वाटते की आपल्या लेखकांना हा प्रसंग अवघड गेला याचे एक कारण हेच आहे. खलनायिका नाही म्हटल्यावर खुद्द नायकाच्या मनात शिरावे लागते.

खाडिलकरांपुरते बोलावयाचे तर त्यांच्या पदरी दुसरे एक कारण होते, आणि ते न सांगणे अन्यायाचे होईल. १९०७ च्या डिसेंबरात सुरतेच्याच काँग्रेसमध्ये जहाल व मवाळ यांची फूट पडली. १९०८ मध्ये टिळकांस मंडाल्यास धाडले. खाडिलकर हे ‘केसरी’च्या गोटातले. त्यांच्या ‘कीचकवधा’वर सरकारने १९१० मध्ये बंदी घातली. ज्या काळी कीचकाच्या शेल्यातसुद्धा सरकारला व्हाइसरॉय दिसत होता, त्या काळी मुंबईकर इंग्रज राघोबाकडून मुलूख लिहून घेत आहेत असे दृश्य उघड उघड मांडणे कसे शक्य होते? घरातील भांडणावर, ‘भाऊबंदकी’वर, बोट ठेवणे तेवढे मोकळे होते. तेव्हा नाटकाचा सारा भार वधावर व निवाड्यावर पडला यात नवल नाही. पण १९४७ नंतर ही अडचण उरली नाही. रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२ साली आली व घरोघरी वाचली गेली. ती थोरल्या माधवरावांची कथा असल्याने १७७२ लाच थांबते, तिच्याकडे हे मागणे रास्त नव्हे. ना. सं. इनामदारांनी ‘मंत्रावेगळा’त दुसऱ्या बाजीरावाकडे सहानुभूतीने पाहिले. बापाची ती पाळी अद्याप आलेली नाही.

येथे कोणी म्हणेल की परक्याची मदत घेणे हा त्या काळचा शिरस्ताच होता, मग एकट्या राघोबास दोष का? प्रश्न अगदी बरोबर आहे आणि ज्याला हे नाटक लिहावयाचे आहे त्याने तो टाळता कामा नये. राघोबाचे वडील बंधू नानासाहेब यांनी तुळाजी आंग्र्यास बुडविण्यासाठी इंग्रजी आरमाराची मदत घेतली. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गापाशी मराठ्यांचे स्वतःचे आरमार जळाले. राघोबाने धडा घरातच गिरविला होता. खुद्द नाना फडणवीसांनीही १७७७ मध्ये सेंट लुबिन या फ्रेंच माणसास पुण्यात मानाने ठेवून घेतले. तरी पण भेद आहे. नानांनी फ्रेंचांशी खेळ केला तो राज्याच्या कारभाराच्या नावाने व इंग्रजांस शह देण्यासाठी. राघोबाने बोलणे केले ते राज्याविरुद्ध, स्वतःच्या बैठकीसाठी. नानासाहेबांची गोष्ट या दोहोंच्या मध्ये कोठे तरी बसते, आणि तिचा निकाल देणे सोपे नाही. असा अवघड निकाल रंगभूमीवर मागितला गेला असता तर आमच्या ऐतिहासिक नाटकांचे वय वाढले असते.

आम्ही हे हिंगोलीत बसून लिहीत आहोत, आणि येथे हा विषय केवळ पुण्या-सुरतेचा राहत नाही. हे गाव निजामाच्या मुलखातले. येथे हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. १९०३ पर्यंत ती नांदली. ही फौज नावाने निजामाची, अधिकारी इंग्रज, पगार निजामाच्या खजिन्यातून. पगार थकला, कर्ज चढले, आणि १८५३ च्या तहाने त्या पगारापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. हिंगोलीहून उत्तरेस निघालेला माणूस पैनगंगा ओलांडताच वऱ्हाडात जातो. त्या नदीवर त्या काळी जी हद्द पडली ती एका उसन्या फौजेच्या पगाराची हद्द होती. आमच्या जिल्ह्यातील म्हाताऱ्या माणसास ‘दरमहा दीड लाख’ या कलमाचा अर्थ कोणी फोडून सांगावा लागत नाही. परका शिपाई येतो तो गादीवर बसविण्यासाठी. राहतो तो पगारासाठी. सुरतेचा तह कलकत्त्याच्या कौन्सिलने नापसंत केला, १७७६ साली पुरंदरचा तह झाला, आणि त्यात पुण्याच्या दरबाराने इंग्रजांस लढाईच्या खर्चाचे बारा लाख द्यावे असे ठरले. म्हणजे ज्या राज्याविरुद्ध फौज आणली त्याच राज्याने तिचा खर्च भरावयाचा! पुढे वडगाव झाले, सालबाई झाली. १७८२ मध्ये इंग्रजांनी राघोबाचा पक्ष सोडला, त्याला दरमहा पंचवीस हजारांची नेमणूक मिळाली, आणि साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. १७८३ च्या अखेरीस कोपरगावी तो वारला. त्या बाळंतपणात जन्मलेल्या मुलाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईस तीच सही पुन्हा केली. त्या वेळी मात्र फौज राहूनच गेली.

हे सारे जुने झाले असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी २५ जुलै २०१९ रोजी युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की यांच्याशी दूरध्वनीवरून बोलताना, पुढल्या वर्षीच्या निवडणुकीत प्रतिस्पर्धी होऊ शकणाऱ्या जो बायडन यांच्यासंबंधी चौकशी करण्याविषयी सुचविले. युक्रेनला मंजूर झालेली लष्करी मदत त्याच सुमारास अडविली गेली होती. पुन्हा निवडून येण्यासाठी परराज्याची मदत मागितली, असा गवगवा झाला. प्रतिनिधिगृहाने १८ डिसेंबर २०१९ ला महाभियोग मंजूर केला. सिनेटने ५ फेब्रुवारी २०२० ला अध्यक्षांस दोषमुक्त केले. तेथे कोण खरे, कोण खोटे, हा वाद आमचा नव्हे. आम्हांस लक्षात घेण्यासारखी गोष्ट एवढीच वाटली की त्या संभाषणाचा कागद अध्यक्षांच्या कचेरीनेच प्रसिद्ध केला, आणि दोन्ही पक्षांचे लोक तोच कागद हाती घेऊन, त्यातील एकेका वाक्यावर बोट ठेवून भांडले. आम्ही मात्र दोनशे वर्षे हरवलेल्या चिठ्ठीवरच भांडत राहिलो.

नाटकाला लागणारे प्रसंग नाहीत असे म्हणू नये. १७८१ साली राघोबाचा वकील हणमंतराव व त्याच्यासोबत मणियार नावाचे पारशी गृहस्थ पेशवेपदाची दाद मागण्यासाठी थेट लंडनास गेले. तेथे एडमंड बर्कने त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले, आणि त्या ब्राह्मणाच्या स्नानसंध्येची व स्वयंपाकाची सोय आपल्या बागेतील काचघरात करून दिली. समुद्र ओलांडलेला ब्राह्मण, परक्या विलायतेत सोवळ्याने शिजवलेला भात, आणि ज्या धन्यासाठी हे सारे त्याचा पक्ष इंग्रजांनीच पुढल्या वर्षी सोडून दिलेला! खाडिलकरांना हा प्रसंग मिळाला असता तर त्यांनी त्याला चार उपमा कमीच दिल्या असत्या असे आम्हांस वाटते. ‘भाऊबंदकी’चा प्रयोग आजही जेथे कोठे होईल तेथे वाचकांनी तो अवश्य पाहावा, आणि पाहून आल्यावर घरच्या तरुण मंडळींपुढे सुरतेच्या तहाची कलमे एकदा मोठ्याने वाचावीत. अर्धा तास पुरतो.