नेमणुकीचा कागद

डॉ. श्रीराम लागूंच्या ‘परमेश्वराला रिटायर करा’ या लेखाचं नाव अनेकांना पाठ असतं, त्यातला युक्तिवाद मात्र फारसा तपासला जात नाही. तो आज आम्ही तपासणार आहोत, लागूंच्याच बाजूचे असून.

लागूंचं म्हणणं थोडक्यात असं: परमेश्वर ही माणसाचीच कल्पना, एके काळी तिचा आधार वाटला असेल, पण आता ती कालबाह्य झाली आहे आणि तिच्या नावाने अन्याय होतो. म्हणून तिला रिटायर करा. पण रिटायर कोण होतो? ज्याने नोकरी केली तो! म्हणजे देव आहे का, हा प्रश्न बाजूला पडतो आणि त्याचा उपयोग काय, हा पुढे येतो.

आता आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या शनिशिंगणापूरला चला. घरांना दारं-कुलपं नाहीत, तरी चोरी होत नाही, म्हणून शनिदेव आहेच, असं भाविक सांगतात. २०११ साली तिथे युको बँकेची बिनकुलपाची शाखा निघाली, तेव्हा या म्हणण्यावर जणू बँकेचा शिक्काच बसला. चोरी होत नाही, हे क्षणभर मान्य करू. त्यातून सिद्ध काय होतं? शनीचा धाक आहे, एवढंच. पाखरं तर बुजगावण्यालाही भितात.

हाच निकष लागूंनाही लावावा लागेल. देवाच्या नावाने अन्याय होतो, यावरून श्रद्धेचे दुष्परिणाम सिद्ध होतात; देवाचं नसणं नव्हे. तो वाद आपल्याकडे जुना आहे. घडा आहे तर कुंभार आहे, तसं जग आहे तर कर्ता आहे, हे नैयायिकांचं अनुमान. वेद प्रमाण मानणाऱ्या कुमारिल भट्टांनीच त्यावर विचारलं, की ज्याला शरीर नाही तो जग घडवील कसा, आणि कशासाठी?

दोन प्रश्न वेगळे ठेवण्याचं महत्त्व शिंगणापुरातच कळतं. चौथऱ्यावर स्त्रियांना जाता यावं म्हणून २००० साली अंधश्रद्धा निर्मूलन समितीने सत्याग्रह केला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांबरोबर लागूही त्यात होते. समिती देवाबाबत तटस्थ, लागू उघड नास्तिक. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०१६च्या गुढीपाडव्याला चौथरा खुला झाला. त्यासाठी देव नाही हे सिद्ध करावं लागलं नाही, स्त्री-पुरुष समान आहेत एवढं पुरलं. चौथऱ्यावर जाऊ पाहणारी भाविक बाई देव मानते म्हणूनच तिथे जाते. ‘आधी देव सोड’ अशी अट आपण घातली, तर तिचा हक्क आपणच अडवू.

म्हणून नास्तिकाने अन्यायाशी जरूर लढावं, पण देवाच्या निवृत्तीची घाई करू नये. त्याने आधी नेमणुकीचा कागद मागावा.