जुनी वास्तू, नवे प्रयोजन : रोमी खोसला यांच्या वास्तुकार्याच्या निमित्ताने

पिंपरी-चिंचवड ते चाकण हा औद्योगिक पट्टा स्वातंत्र्योत्तर काळाची निर्मिती होय. पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना १९५४ साली स्थापन झाला. त्या पिढीच्या कारखान्यांच्या इमारती आता जुन्या झाल्या आहेत. त्या पाडाव्यात की त्यांना नवे प्रयोजन द्यावे, या प्रश्नाचा विचार करताना रोमी खोसला यांचे मुंबईतील कार्य मार्गदर्शक ठरते.

जॉर्ज विटेट यांनी रचलेले कावसजी जहांगीर सभागृह १९११ सालचे. शहरात नवी सभागृहे झाली, तसतसे त्याचे महत्त्व ओसरले. खोसला यांनी त्याचे बाह्यांग जतन करून आतील पोकळीत अर्धवर्तुळाकार जिन्यांनी जोडलेली, एकातून दुसऱ्यात नेणारी दालने योजिली. १९९६ साली तेथे राष्ट्रीय आधुनिक कला दालन सुरू झाले. बांधलेला दगड आणि त्यावर खर्ची पडलेले श्रम वाया गेले नाहीत, हा या योजनेचा पहिला गुण. प्रेक्षकाची पावले प्रदक्षिणेप्रमाणे क्रमाने वर नेणारी मांडणी, हा दुसरा. १९७९ साली पश्चिम हिमालयातील बौद्ध मठांवर ग्रंथ लिहिणाऱ्या वास्तुकाराला अशा क्रमाचे मर्म ठाऊक असणे स्वाभाविकच आहे.

तथापि या रूपांतरात एक मोठी हानीही झाली. वक्ता आणि शेकडो श्रोते एकाच छताखाली परस्परांस पाहू शकतील, असा अखंड अवकाश हा त्या वास्तूचा प्राण होता. भिंती राहिल्या, सभा गेली. याचा दोष खोसला यांच्या दृष्टीकडे जातो काय? दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामिया विद्यापीठातील त्यांचे कॅस्ट्रो कॅफे हे उपाहारगृह याचे उत्तर देते. ही वास्तू छाया आणि मोकळी हवा यांवर विसंबून विद्यार्थ्यांना एकत्र बसविते. लोकांना एकत्र आणण्याची जाण त्यांच्यापाशी निश्चित आहे. म्हणून मुंबईतील उणीव वास्तुकाराची नसून त्याच्यापुढे ठेवलेल्या प्रयोजनाची आहे.

पिंपरी परिसराने नेमका हाच बोध घ्यावयास हवा. आकुर्डीच्या बजाज कारखान्यात २००७ साली वाहननिर्मिती थांबली. २०२२ साली त्याच आवारात विजेवर चालणाऱ्या स्कूटरचा कारखाना सुरू झाला. तेथे जागेचे काम टिकले. मुंबईत वास्तूचे रूप टिकले. या दोहोंपैकी काय टिकवावयाचे, हा निर्णय नकाशा काढण्यापूर्वी व्हावयास हवा. विस्तीर्ण, खांबविरहित शेड आणि करवती छपरातून येणारा समप्रकाश जेथे उपलब्ध आहे, तेथे लहान खोल्या पाडून संग्रहालय थाटणे म्हणजे त्या वास्तूचा गुणच नाकारणे होय. तालीम, सभा, कार्यशाळा अशा प्रयोजनांना ती अधिक अनुकूल आहे. जुन्या वास्तूचे जतन भिंती मोजून ठरत नाही. तिने माणसांना ज्या रीतीने एकत्र आणले, त्या रीतीला नव्या प्रयोजनात स्थान मिळाले की नाही, यावरूनच ते ठरते.