हा राक्षस कुठला?

गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याच्या ट्रंकेतून काय निघेल याचा नेम नसतो. मी तिसरी-चौथीत असताना माझ्या मामेभावाने आरत्यांच्या कॅसेटींबरोबर आणखी एक कॅसेट आणली. ‘रॉक मशीन’ या मुंबईच्या तरुण मंडळींची ही पहिलीच कॅसेट. नाव ‘रॉक अँड रोल रेनिगेड’, साल १९८८. ती वाजू लागताच आई चुलीपाशी बसूनच ओरडली, “ह्यो राकस खंयचो रे?”

टीकाकाराने विचारावा असाच हा प्रश्न आहे. त्या दशकात लॉस एंजेलिसच्या ‘मोट्ली क्रू’सारख्यांनी ग्लॅम मेटलचा पंथ गाजवला होता. पिंजारलेले केस, डोळ्यांत काजळ, चमचमते कपडे आणि किंचाळणारी गिटार! आम्हां मालवणकरांना त्याचे नवल ते काय? आमचे दशावतारी रंग फासूनच रात्र जागवतात. पण दशावतारी कथा पुराणातली घेतो आणि संवाद आयत्या वेळी स्वतःचे बोलतो. ‘रॉक मशीन’चे नेमके उलटे. गाणी स्वतःची, पण उदय बेनेगल यांच्या आवाजाची चढण आणि उच्चार सातासमुद्रापलीकडचे. त्यात मला मुंबई सापडत नाही, हा दोष मी झाकणार नाही.

मात्र दगड मारायचा माझा अधिकार थोडा. माझ्या पहिल्या कादंबरीची नायिका रोज पुण्याच्या टेकडीवर फिरायला जाई. आणि मी तोवर पुणे पाहिलेही नव्हते! तरी ती कादंबरी लिहिली नसती, तर दुसरीत मालवणची जेटी आली नसती.

रेनिगेड म्हणजे पंथ सोडणारा, बंडखोर. नाव वाचून प्रथम हसू येते. बंड कोणाविरुद्ध? पण त्या काळी अशा मंडळींकडून श्रोते विलायती गाण्यांच्या हुबेहूब नकला मागत. तिथे अख्खी कॅसेट स्वरचित गाण्यांची काढणे हे बंडच होते. महेश तिनईकर यांची गिटार ऐकावी. गोंगाटातून ती मध्येच एखादी गोड लकेर काढते, तेव्हा नक्कल क्षणभर विसरते.

पुढे १९९३ मध्ये मंडळींनी नाव बदलून ‘इंडस क्रीड’ केले. आईचा प्रश्न त्यांनाही कुणीतरी विचारला असावा.