एका वाडग्याचे मोल

वाङ्मयात अन्नाला मानाचे पान आहे. विकतच्या अन्नाला ते क्वचितच मिळते. पंगत, नैवेद्य, न्याहारीची भाकरी, आईच्या हातची आमटी यांवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु पैसे मोजून, परक्याच्या हातचे, परक्यांच्या शेजारी बसून जे खावे लागते, त्याकडे आपली दृष्टी बहुधा थट्टेची असते, नाही तर कीव करण्याची. खानावळ म्हटली की पाणीदार वरण आणि महिनाअखेरचे बिल एवढेच आपल्याला आठवते. जपानी कलावंतांचे तसे झाले नाही. तोक्योसारख्या अफाट शहरातील नूडल्सचे दुकान त्यांच्या कथाकादंबऱ्यांत आणि बोलपटांत वारंवार येते, आणि त्यांपैकी काही कृती खरोखर थोर आहेत. बदलीच्या नोकरीपायी ज्यांनी वर्षानुवर्षे विकतचे अन्न खाल्ले, अशा आमच्या वाचकांना हा विषय परका वाटू नये.

प्रथम पदार्थांची ओळख करून घेऊ. या दुकानांचे ठळक प्रकार दोन. ‘सोबा’ म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या करड्या, बारीक शेवया. उत्तरेत नवरात्राच्या उपवासाला चालणारे पीठ तेच हे. त्या गार करून सोयाच्या खारट रसात बुडवून खातात, किंवा गरम रसात घालून. ‘रामेन’ गव्हाची, ती मूळची चिनी, बंदरांच्या शहरांतून जपानात शिरलेली. तोक्योच्या आसाकुसा भागात १९१० साली ‘राइराइकेन’ हे नामांकित दुकान निघाले. ते काढणारे कान्इची ओझाकी हे योकोहामाच्या जकात खात्यातील नोकरी सोडून आलेले गृहस्थ होते, आणि त्यांनी योकोहामाच्या चिनी वस्तीतून आचारी आणले होते, हे आमच्यातील सरकारी नोकरांनी कौतुकाने ध्यानात ठेवावे.

दोन्ही दुकानांची रीत मात्र एकच. जागा अरुंद, आसने थोडी, काम झटपट. शेवया सुर्रकन आवाज करीत ओढावयाच्या. त्यात असभ्यपणा नाही. गिऱ्हाईक एकटे आले तरी कोणाला नवल वाटत नाही, आणि वाडगे रिते झाले की त्याने उठावयाचे. आपल्या खानावळीत माणसाचे नाव, गाव आणि उधारी ठाऊक असते. येथे त्याच्यापाशी वाडग्याचे पैसे असले म्हणजे पुरे. म्हणून हे दुकान महानगराचेच अपत्य होय. ते लेखकाची परीक्षा घेते तेही याचमुळे. जेथे कोणी कोणाची ओळख विचारीत नाही, तेथे माणसाचे माणूसपण दाखवावयाचे कसे?

याचे सर्वांत जुने उत्तर विनोदाचे आहे. तोक्योला एदो म्हणत त्या काळाचे वातावरण ‘तोकीसोबा’ या कथेत आहे. ती ‘राकुगो’ या प्रकारात सांगतात. यात एकच कथेकरी उशीवर गुडघे मोडून बसतो आणि सारी पात्रे उभी करतो; हातातील मिटलेला पंखा हीच त्याची खाण्याची काडी. एक लबाड मनुष्य मध्यरात्री फिरत्या विक्रेत्याकडे सोबा खातो. दिव्याची, काड्यांची, वाडग्याची, रसाची, शेवयांची तोंडभर स्तुती करतो. किंमत सोळा मोन. तो एकेक नाणे मोजून देऊ लागतो, आठाशी येताच सहज विचारतो, “किती वाजले हो?” विक्रेता म्हणतो, “नऊ.” हा पुढे “दहा, अकरा” असे मोजीत जातो, एक नाणे वाचते. हे पाहणारा दुसरा एक भाबडा दुसऱ्या रात्री तोच डाव करावयास निघतो, पण घाईने लवकर जातो. सोबा भिकार असतो, तरी त्याची स्तुती करणे भाग पडते. आठावर तो वेळ विचारतो, उत्तर येते, “चार.” कारण जुन्या जपानी कालगणनेत नवाच्या आधीचा प्रहर चारचा. बिचारा “पाच, सहा” असे मोजीत जातो आणि सोळाऐवजी वीस नाणी देऊन बसतो.

ही कथा केवळ हिशेबाची गंमत नव्हे. पहिल्याची स्तुती हेच खोटे नाणे आहे, आणि दुसऱ्याला ते वाईट शेवयांसह गिळावे लागते. शहरात गोड बोलणेही व्यवहारातच जमा होते, हे तिने हसत हसत सांगितले आहे. तिची मर्यादा एवढीच की तिच्यातील माणसे विकणारा आणि घेणारा यांपलीकडे जात नाहीत.

ते पाऊल नात्सुमे सोसेकी यांनी टाकले. त्यांची ‘बोच्चान’ ही कादंबरी १९०६ साली प्रसिद्ध झाली. तिचा नायक तोक्योचा तरुण. शिकोकु बेटावरील एका शाळेत गणिताचा मास्तर म्हणून जातो. स्वतः सोसेकी १८९५ साली त्याच बेटावरील मात्सुयामा येथे शिक्षक होते, तेव्हा परगावची नोकरी त्यांना पुस्तकातून शिकावी लागली नाही. नायकाला एका संध्याकाळी सोबाच्या दुकानाची पाटी दिसते; तिच्यावर ‘तोक्यो’ असा शब्द असतो. दुकान कळकट, पण तो आत शिरतो आणि तळलेल्या कोळंबीचा ‘तेंपुरा’ घातलेले चार वाडगे फस्त करतो. कोपऱ्यात त्याचेच विद्यार्थी बसलेले असतात. दुसऱ्या दिवशी फळ्यावर मोठ्या अक्षरांत ‘तेंपुरा मास्तर’! पुढे मुख्याध्यापक सुचवितात की शिक्षकाने सोबाच्या आणि गोड गोळ्यांच्या दुकानांसारख्या हलक्या ठिकाणी एकट्याने जाऊ नये. एक सहकारी त्याला आत्मिक आनंदाचा उपदेशही जोडतात.

पदाची प्रतिष्ठा आणि भूक यांतील हा तंटा ज्याला ठाऊक नाही असा परगावचा अधिकारी विरळा. परंतु सोसेकी येथे थांबत नाहीत. तोक्योत असते तर त्या चार वाडग्यांकडे कोणी ढुंकूनही पाहिले नसते. लहान गावात तेच वाडगे सार्वजनिक मालमत्ता होतात. महानगरात माणूस अनोळखी असतो याचे दुःख आपण नेहमी ऐकतो; त्यात केवढी मोकळीक असते, हे सोसेकींनी दाखविले. नायकाला सोबाची ओढ आहे खरी. पण त्याहूनही, कोणी मोजीत नसताना खाण्याची ओढ आहे.

ही मोकळीकच यासुजिरो ओझु यांच्या बोलपटांत अवघड होते, कारण त्यांच्या वाडग्यासमोर अनोळखी माणसे नसून आपलीच माणसे बसतात. १९३६ सालचा ‘एकुलता मुलगा’ हा त्यांचा पहिला बोलपट. शिनशू प्रांतातील रेशमाच्या गिरणीत राबणारी विधवा मुलाच्या शिक्षणासाठी घर आणि तुतीची शेते विकते. मोठेपणी त्याला भेटावयास ती तोक्योत येते. मुलगा रात्रशाळेत मास्तर आहे. पगार तुटपुंजा, घर शहराच्या कडेला, आणि त्याने लग्न केले असून मूलही आहे, हे आईला आजवर कळविलेले नाही. ज्या गुरुजींनी त्याला तोक्योची वाट दाखविली, ते आता डुकराच्या मांसाचे तळलेले तुकडे विकतात. आईचा पाहुणचार करावयाचा तर उसने पैसे संपत आलेले. अशा वेळी रस्त्यावरच्या गाडीवरील स्वस्त चिनी शेवयांचा वाडगा येतो, आणि मुलगा आईला त्यातील रस किती चांगला आहे ते सांगतो.

आमच्या मते या विषयावर याहून मोठे काही झालेले नाही. ‘तोकीसोबा’तील लबाडही रसाची स्तुती करतो; पण तेथे स्तुतीने एक नाणे वाचवावयाचे होते, येथे आईचे मन. मुलगा खोटे बोलत नाही, रस चांगला असेलही. तथापि त्या एका वाक्यात ‘याहून अधिक देणे मला जमले नाही’ ही कबुली दडलेली आहे. आई ते जाणते, आणि आपण जाणले हे त्याला कळू देत नाही. ओझु या प्रसंगी संगीताचा कढ आणीत नाहीत, कोणाला रडवीत नाहीत. वाडगे वाडगेच राहते. शेवटी गावी परतल्यावर आई सोबतिणीला मुलगा थोर झाल्याचे सांगते, आणि मग एकटीच मागे जाऊन बसते. नोकरीच्या गावी आईवडिलांना प्रथमच बोलावून, दोन खोल्यांचे बिऱ्हाड दाखविताना ज्यांची जीभ जड झाली असेल, त्यांना हे सारे वेगळे समजावून सांगण्याचे कारण नाही.

१९६२ सालच्या आपल्या शेवटच्या बोलपटात ओझु पुन्हा शेवयांच्या दुकानात आले. जुने विद्यार्थी आता बडे झाले आहेत. चिनी अभिजात वाङ्मय शिकविणाऱ्या आपल्या वृद्ध गुरुजींना ते मेजवानी देतात. गुरुजींना ‘हामो’ या मासळीचे चित्राक्षर पाठ आहे. ती मासळी त्यांनी चाखलेली नाही. नंतर उघड होते की ते गरीब वस्तीत अविवाहित मुलीसह चिनी शेवयांचे दुकान चालवितात. चीनची विद्या शिकविणाऱ्याच्या हाती अखेर चिनी शेवया उरल्या! हा उपरोध ओझु एकदाही बोलून दाखवीत नाहीत. विद्यार्थी वर्गणी काढून पैसे देऊ करतात, ते सौजन्याने. पण दुकानात बसलेल्या शिष्याच्या नजरेला जी ओशाळगत येते, ती पैशांनी फिटत नाही.

ओझु १९६३ साली वारले. त्यांच्यानंतर दुकान आणि वाडगे दोन्ही मोठी होत गेली. जुझो इतामी यांचा १९८५ सालचा ‘ताम्पोपो’ हा त्या वाढीचा बहारदार नमुना. एक विधवा रामेनचे दुकान चालविते. तिच्या हाताला चव नाही. एक ट्रकचालक तिला विद्या मिळवून देतो आणि अखेर दुकानापुढे रांग लागते. आरंभी एक वृद्ध गृहस्थ वाडग्याकडे कसे पाहावे, मांसाच्या कापाची क्षमा कशी मागावी, हे पूजाविधीच्या गांभीर्याने शिकवितो. बोलपट चतुर आहे, खाद्यभक्तीची थट्टा आणि खाद्यभक्ती दोन्ही एका वेळी करतो. आम्ही मनमुराद हसलो. तरीही येथे वाडगे साध्य झाले आणि माणूस साधन. उत्तम रस जमला की गोष्ट संपते. ओझुंच्या कृतीत गोष्टीला तेथे सुरुवात होते.

याच्या उलट टोकाला ‘एक वाडगा काकेसोबा’ ही रिओहेई कुरी यांची कथा. तिने १९८८-८९ च्या सुमारास सारा जपान रडविला. १९८९ साली ती संसदेतही वाचली गेली. गरीब आई आणि दोन मुले वर्षाच्या शेवटच्या रात्री साप्पोरोतील दुकानात येतात, तिघांत एकच वाडगे मागतात. मालक न बोलता शेवया वाढवून घालतो. पुढे मुले कर्तबगार होऊन परततात आणि तीन वाडगी मागवितात. मालकाचे ते न बोलणे सुंदर आहे. परंतु लेखकाला तेवढ्यावर समाधान नाही; गरिबीला बक्षीस मिळाल्यावाचून त्याला कथा पुरी वाटत नाही. रात्रशाळेच्या त्या मास्तरला असे कोणतेही बक्षीस मिळत नाही, आणि तरीही त्याची आई त्याला टाकीत नाही. करुणा आणि कढ यांतील अंतर समजून घ्यावयाचे असेल, तर या दोन वाडग्यांची तुलना पुरेशी आहे.

आमचा निष्कर्ष थोडक्यात असा. विकतच्या अन्नाला वाङ्मयीन मोल येते ते त्याची चव वर्णिल्याने नव्हे, किंवा त्यावर अश्रू शिंपडल्यानेही नव्हे. ते कोणी, कोणासाठी, खिशात किती उरले असताना विकत घेतले, यावर ते ठरते. जो कलावंत वाडगे आहे तेवढेच लहान ठेवतो, त्याच्याच हाती ते मोठे होते. आपल्या खानावळींतून, स्टेशनांवरच्या उपाहारगृहांतून, परप्रांतीच्या एकट्या संध्याकाळींतून असे किती घास मराठी माणसाने मुकाट्याने गिळले असतील! त्यांची थट्टा पुष्कळ झाली. त्यांच्याकडे स्थिर डोळ्यांनी पाहणारा लेखक आम्हांस हवा आहे. आणि तो बदलीच्या गावी राहणाऱ्यांतूनच निघावा, अशी आमची अपेक्षा आहे.