‘एकादशी, दुप्पट खाशी’ : म्हण कितपत खरी?

उपासाच्या दिवशी भरपूर खाणाऱ्याला ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण ऐकावी लागते. जुन्नर तालुक्यात ओझर आणि लेण्याद्री ही अष्टविनायकांपैकी दोन स्थाने आहेत. त्यामुळे निमगाव सावाच्या मुलांना एकादशीप्रमाणे चतुर्थीचा उपासही नवा नाही आणि ही म्हणही नवी नाही. या म्हणीत एक निरीक्षण आहे आणि एक निवाडाही आहे. निरीक्षणात बरेच तथ्य आहे. निवाडा मात्र आम्हांला मान्य नाही.

प्रथम ताटाकडे पाहू. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यातून सुमारे ३५० उष्मांक मिळतात. तो जवळजवळ सगळा पिष्टमय असतो, प्रथिने नगण्य. त्यात दाण्याचे कूट, तूप आणि बटाटा पडतो. तेव्हा ‘दुप्पट’चा काही भाग खिचडीतच असतो. त्यासाठी खाणाऱ्याला अधाशी ठरवण्याचे कारण नाही.

आता मनाकडे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांवर प्रयोग केला. त्यांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. वजन सुमारे चौथाईने उतरले, पण लक्षात राहतो तो मनातला बदल. ही मुले दिवसभर अन्नाविषयीच बोलत, पाककृतींची पुस्तके वाचत, ताटल्या चाटून पुसत. पुन्हा पुरेसे अन्न मिळू लागल्यावर काहीजण पोट तुडुंब भरले तरी खातच राहिले. निवड करून घेतलेली ही धडधाकट माणसे प्रयोगापूर्वी खादाड नव्हती. त्यांना अन्नाचे वेड लावले ते उपासमारीने.

दुसरा प्रयोग पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांचा, १९७५ सालचा. काही विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक दिले आणि मग ‘चव सांगा’ म्हणून आइस्क्रीम पुढे ठेवले. एरवी मोकळेपणाने खाणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्ले. सतत मोजूनमापून खाणाऱ्यांनी मात्र उलट जास्त खाल्ले! ‘एवीतेवी नियम मोडलाच, आता कशाला थांबा?’ असा हा हिशेब. कडक नियमाचा बांध एकदा फुटला की पोट भरल्याची खूणही ऐकू येईनाशी होते.

म्हणजे म्हण सिद्ध झाली का? नाही. कीज यांचे स्वयंसेवक सहा महिने अर्धपोटी होते; आपला उपास एका दिवसाचा. हर्मन-मॅक यांच्या विद्यार्थिनी वजनाच्या धास्तीने जेवणावर पहारा ठेवणाऱ्या. आपल्याकडे उपासामागे श्रद्धा असते, घरची सोबत असते आणि सोडण्याची वेळ ठरलेली असते. दोन्ही प्रयोगांतील माणसेही परदेशी तरुणच. ‘उपास करणारा अधाशी होतोच’ असा निष्कर्ष त्यांतून काढणे शास्त्रीय ठरणार नाही. एवढे मात्र म्हणता येते, की अनावर खाण्याचे मूळ पुष्कळदा आधीच्या बंदीत किंवा उपाशी राहण्यात असते. म्हण ते दुबळ्या शीलात शोधते.

ही चूक वर्गात महाग पडते. ‘खादाड’, ‘जिभेवर ताबा नाही’ हे शब्द ऐकलेले मूल खाणे सोडत नाही, लपून खाऊ लागते. भूक नसताना थोड्या वेळात भरमसाट खाणे, थांबता न येणे आणि मग स्वतःची किळस वाटणे हे तीन महिने, आठवड्यातून एकदा तरी घडत असेल तर तो विकार असू शकतो. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये त्याला स्वतंत्र आजार म्हणून स्थान दिले. अशा मुलाला टोमणा नको, डॉक्टर हवा.

शिक्षकांनी एक साधी नोंद करून पाहावी. आठवडाभर काही खावेसे वाटले की मुलांनी वहीत लिहावे : शेवटचे कधी खाल्ले होते? तो पदार्थ समोर होता का, त्याचा वास आला का? कंटाळा किंवा राग आला होता का? वह्या कोणी तपासू नयेत आणि वजनाचा विषय काढू नये. आपली प्रत्येक इच्छा भुकेतून येत नाही आणि ती येणे हा गुन्हाही नाही, हे मुलांना स्वतःच्याच नोंदींतून कळेल. म्हणीने ते आजवर सांगितलेले नाही.